समुद्रापलीकडची आजी आणि सीमेवरचे मौन

इंग्रजी संभाषणाचा सराव या नावाने ओळखला जाणारा उपक्रम म्हणजे, शास्त्रीय व्याख्या करायची झाल्यास, ज्याला इंग्रजी येते परंतु दुसरे काही काम नाही अशा परदेशस्थ सज्जनाने, ज्याला इंग्रजी येत नाही परंतु दुसरी पुष्कळ कामे आहेत अशा शाळकरी मुलाशी, पडद्याच्या मध्यस्थीने, ठरलेल्या वेळी आणि विनामोबदला गप्पा मारणे होय. या व्याख्येतील प्रत्येक पदाला स्वतंत्र भाष्याची गरज आहे. ‘सज्जन’ म्हणजे बहुधा निवृत्त झालेली, घरात मांजर आणि अंगणात गुलाब असलेली, आठवड्यातला एक तास जगाच्या कल्याणासाठी राखून ठेवणारी व्यक्ती. ‘पडद्याची मध्यस्थी’ म्हणजे संगणक, कॅमेरा आणि आंतरजालाची जोडणी या तिघांची युती, जी राजकारणातील युतीप्रमाणेच उद्घाटनाच्या दिवशी उत्तम चालते. आणि ‘गप्पा’ म्हणजे ज्या अपराधासाठी एरवी वर्गात पायाचे अंगठे धरायला लावले जातात तोच अपराध, फक्त या वेळी मुख्याध्यापकांच्या लेखी आदेशाने केलेला.

या उपक्रमाला जागतिक प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय डॉ. सुगत मित्र यांच्याकडे जाते. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात आपल्या कार्यालयाच्या भिंतीला भोक पाडून पलीकडच्या वस्तीतील मुलांसाठी त्यांनी एक संगणक बसवला, आणि शिकवणारे कोणी नसताना मुले तो आपापसात चालवायला शिकली, असे जाहीर करून शिक्षकवर्गात जी अस्वस्थता निर्माण केली ती अद्याप पुरती शमलेली नाही. पुढे कळिकुप्पम या दक्षिणेकडील खेड्यात त्यांनी तमिळ बोलणाऱ्या मुलांसमोर जैवतंत्रज्ञानाचा इंग्रजी मजकूर ठेवला. मुले आपली आपण शून्यावरून तीस टक्के गुणांपर्यंत आली, आणि मग त्या विषयाचा गंध नसलेल्या एका तरुणीला त्यांच्या पाठीशी उभे राहून केवळ ‘अरे वा, हे कसे केलेत?’ अशा थाटाचे कौतुक करण्यास सांगितल्यावर ती पन्नासपर्यंत पोहोचली. पाठीशी उभे राहून, काहीही न कळता, मनापासून कौतुक करणाऱ्या व्यक्तीला सर्व संस्कृतींत आजी म्हणतात, हे ध्यानात घेऊन २००९ मध्ये ब्रिटनमधील आजीबाईंना आवाहन करण्यात आले: घरी आंतरजाल हवे, कॅमेरा हवा आणि आठवड्याचा एक तास फुकट हवा. सुमारे दोनशे जण पुढे आले. त्यांच्या समूहाला ‘ग्रॅनी क्लाउड’ असे नाव पडले, आणि त्यात काही आजोबा व काही अविवाहित तरुणही होते ही बाब नावाच्या गोडव्यापुढे कोणी फारशी मनावर घेतली नाही.

२०१३ मध्ये मित्र यांना दहा लाख डॉलरचे टेड पारितोषिक मिळाले आणि त्यातून अशा स्वयंशिक्षणाच्या सात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, दोन इंग्लंडमध्ये व पाच भारतात. त्या पाचांपैकी एक सातारा जिल्ह्यातील फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत होती. या निवडीतला विनोद जाणकारांच्या लगेच लक्षात येईल. ही संस्था स्थापन केली मॅक्सिन बर्नसन यांनी, ज्या अमेरिकेतून १९६१ साली भारतात आल्या, फलटणच्या लोकांच्या बोलण्यातील मराठीवर त्यांनी डॉक्टरेटसाठी संशोधन केले, तिथेच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि मुलांना मातृभाषेतून वाचायला-लिहायला शिकवण्याचा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. म्हणजे एका अमेरिकन बाईंनी प्रत्यक्ष येऊन जिथे मराठी पोरांना मराठी शिकवले, तिथे पुढे इंग्रज आज्यांनी पडद्यावरून येऊन इंग्रजी बोलायला शिकवावे, असा हा योग आहे. मराठी माणसाला त्याची स्वतःची भाषा परक्याने शिकवली तर तो सत्कार करतो आणि परकी भाषा परक्याने शिकवली तर प्रमाणपत्र मागतो, एवढाच काय तो फरक.

तथापि संभाषणाच्या स्वयंसेवेचा इतिहास पडद्याच्या पुष्कळ आधीचा आहे आणि त्यात मान महाराष्ट्राच्या बाजूने आहे. १८७८ साली सतरा वर्षांच्या रवींद्रनाथ टागोरांना विलायतेस धाडण्यापूर्वी त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ यांनी त्यांना मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवले, हेतू असा की विलायतेहून परतलेली डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा हिच्याशी बोलून मुलाच्या इंग्रजीला वळण लागावे. या सरावाने इंग्रजी किती सुधारले याची नोंद कोणी उत्साहाने करीत नाही. विद्यार्थ्याने शिक्षिकेला ‘नलिनी’ असे नाव दिले आणि तिच्यासाठी कविता केल्या, एवढे मात्र सर्व चरित्रकार आवर्जून सांगतात. इंग्रजी संभाषणाच्या वर्गाचे फलित मातृभाषेतील काव्य हे असू शकते, असा निष्कर्ष यातून निघतो, आणि शिक्षण खात्याने त्याची दखल घेतलेली नाही. योगायोग असा की डॉक्टरांचे थोरले बंधू दादोबा पांडुरंग हे मराठी व्याकरणाचे आद्य पंडित, आणि ज्या भाषांतर पाठमालेच्या साहाय्याने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, म्हणजे वाक्य इंग्रजीत मनातल्या मनात जुळवून ते बरोबर आहे की नाही या शंकेत गाडी निघून जाईपर्यंत फलाटावर उभ्या राहिल्या, ती पाठमालादेखील तर्खडकरांचीच. एका आडनावाने इंग्रजीचे व्याकरणही शिकवले आणि संभाषणही. त्यांपैकी घराघरांत पोहोचले ते व्याकरण.

आता कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या बेळगाव-निपाणी पट्ट्याकडे वळावे, कारण इंग्रजी संभाषणाच्या सरावाला येथे जी भूमी मिळते ती अन्यत्र क्वचित मिळेल. येथील दहा वर्षांचे मूल घरात आजीशी मराठीत भांडते, बसमध्ये वाहकाशी कन्नडमध्ये सुट्ट्या पैशांवरून वाद घालते, सायकलचे पंक्चर काढताना दक्षिणी वळणाच्या हिंदीत भाव करते आणि गोव्याहून पाहुणे आले तर कोकणी समजते असे सांगून त्यांच्या गप्पा ऐकत बसते. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असल्याने ती लिपी त्याला शाळेच्या आधी थांब्यावर येते, कारण चुकीच्या गाडीत बसून चिक्कोडीला गेल्यास घरी जे स्वागत होते त्यापुढे कोणतीही परीक्षा सौम्य असते. त्याची मराठीही एकसुरी नाही. ‘काय करालास रे’, ‘बोल की’, ‘होय की’ अशा हेलाच्या या मराठीला पु. ल. देशपांडे यांनी, जे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते, ‘गणगोत’मधील रावसाहेबांच्या तोंडून उभ्या महाराष्ट्रात पोहोचवले. सारांश, भाषाशास्त्रज्ञ ज्याला बहुभाषिकता म्हणतात, म्हणजे एकाच माणसाने अनेक भाषांत सहज व्यवहार करणे, तिचे प्रात्यक्षिक गणपत गल्लीत भाजी घेताना रोज पाहायला मिळते आणि त्यासाठी कोणतेही शुल्क लागत नाही.

असे हे मूल इंग्रजीसमोर उभे राहिले की एकाएकी मुके होते. कारण उघड आहे आणि ते बुद्धीत नाही. मराठी, कन्नड आणि हिंदी त्याला भांडताना, भाव करताना, चिडवताना मिळाल्या. इंग्रजी तेवढी परीक्षेच्या वेळापत्रकातून आली. पहिल्या तिन्ही भाषा घरातल्या स्टीलच्या पेल्यांसारख्या, पडल्या तरी पोचा येतो, फुटत नाहीत. इंग्रजी मात्र काचेच्या कपाटातल्या पाहुण्यांच्या कपबशीसारखी, जिला हात लावण्यापूर्वीच कोणीतरी ‘फोडशील’ म्हणून ओरडते. महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी २००० साली आणली आणि कर्नाटकाने २००७ साली, त्यामुळे सात वर्षे अशी गेली की महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यातले मूल पहिलीतच ‘ए फॉर ॲपल’ म्हणत असताना सीमेवरच्या कोगनोळीच्या या बाजूचे मूल त्या ॲपलपासून सुरक्षित होते. पुढे ते सफरचंद दोघांनाही मिळाले, परंतु दोघांनीही ते चित्रातच पाहिले. दहावीला, म्हणजे कर्नाटकात ज्या परीक्षेला एसएसएलसी म्हणतात तिला, मराठी माध्यमाचे मूल सर्वसाधारणपणे मराठी प्रथम भाषा म्हणून १२५ गुणांची, इंग्रजी १०० गुणांची आणि कन्नड १०० गुणांची अशी देते. इंग्रजीच्या शंभरांतील ऐंशी गुण लेखी असून उरलेले वीस शाळेच्या हाती असतात. तोंड उघडण्याला त्या तीन तासांच्या पेपरात अर्थातच जागा नाही. उलट तेथे तोंड उघडल्यास पर्यवेक्षक नाव लिहून घेतात.

या संपूर्ण अभ्यासक्रमात एकच इंग्रजी वाक्य असे आहे की जे सीमाभागातील प्रत्येक मूल निर्दोष, अस्खलित आणि योग्य त्या भावनेसह उच्चारते, आणि ते म्हणजे ‘मे आय गो टु टॉयलेट’. हे वाक्य कोणी पाठ करवून घेत नाही, त्याचे व्याकरण कोणी फळ्यावर सोडवत नाही, आणि ते विसरल्याचे उदाहरण ज्ञात नाही. भाषा गरजेतून येते असे जे मोठमोठ्या ग्रंथांत सांगितलेले असते त्याचा याहून स्वच्छ पुरावा देता येणार नाही. उरलेल्या इंग्रजीलाही अशी निकड निर्माण करणे हेच खरे तर समुद्रापलीकडच्या आजीचे काम आहे. परंतु त्या कामात शाळा कसा अडथळा आणते हे पाहण्यासारखे असते.

परदेशी पाहुणे पडद्यावर येणार म्हटल्यावर तो शाळेचा तास राहत नाही, समारंभ होतो. फळ्यावर रंगीत खडूने स्वागत लिहिले जाते. कर्नाटकातील सरकारी शाळांत एसडीएमसी नावाची, म्हणजे शाळेच्या विकासावर देखरेख करणारी, पालकांची समिती असते; तिचे अध्यक्ष इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या बाकावर बसतात, संगणकाला हार घातला जातो, आणि कॅमेऱ्यावर झेंडूचे फूल आल्यामुळे इंग्लंडमधील आजीला पहिली पाच मिनिटे केवळ केशरी अंधार दिसतो. अध्यक्षांचे भाषण मराठीत होते, ज्यात गावाचा इतिहास, समितीचे कार्य आणि अपुऱ्या खोल्यांचा प्रश्न येतो, आणि आजी प्रत्येक वाक्यानंतर ‘लव्हली’ म्हणते. मग मुले एका सुरात, एकाच चालीवर आणि शेवटच्या अक्षरावर दीर्घ हेल काढीत ‘गुड मॉर्निंग टीचर’ म्हणतात. त्या वेळी निपाणीत दुपारचे तीन वाजलेले असतात. हिवाळ्यात आजीकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ असल्याने अभिवादन तिच्या घड्याळाप्रमाणे अचूक ठरते, आणि मुलांच्या कालज्ञानाबद्दल तिच्या मनात जो आदर उत्पन्न होतो तो पुढे कधी कमी होत नाही. नेमक्या या क्षणी हेस्कॉम, म्हणजे या भागाला वीज पुरवणारी हुबळीची कंपनी, आपली उपस्थिती नोंदवते.

वीज परत आल्यावर संभाषणास खरा प्रारंभ होतो आणि आजी जगातील सर्व पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या धड्यात असणारा सर्वांत सोपा प्रश्न विचारते: तुम्ही कुठले? हा प्रश्न केंब्रिजमध्ये सोपा असेल. बेळगावात तो सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली या सीमावादावर महाजन आयोग नेमला गेला आणि पुढल्या वर्षी त्याचा अहवाल आला, जो महाराष्ट्राने स्वीकारला नाही. २००४ साली महाराष्ट्र न्यायालयात गेला. २०१२ साली कर्नाटकाने बेळगावात सुवर्ण विधानसौधाची भव्य इमारत उभी केली. आणि २०१४ साली शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, मात्र सांबऱ्याच्या विमानतळाचा संकेत, कोणत्याच पक्षाला दुखवायचे नाही अशा धोरणाने, आयएक्सजी असा आहे. एवढे सगळे ‘आय ॲम फ्रॉम’ या तीन शब्दांनंतर बसवायचे आहे. मूल विचार करते, शिक्षकांकडे पाहते, शिक्षक अध्यक्षांकडे पाहतात, अध्यक्ष खिडकीबाहेर पाहतात, आणि अखेरीस सर्व बाजूंना मान्य होईल असे उत्तर मुलाला सुचते: ‘आय ॲम फ्रॉम बॉर्डर.’

आजीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो. भारताची जी एक सीमा तिने दूरदर्शनच्या बातम्यांत पाहिली आहे ती काटेरी तारांची आणि तोफांची आहे. तिथे सैनिक आहेत का, असे ती हळू आवाजात विचारते, आणि बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्यामुळे मूल अत्यंत अभिमानाने आणि संपूर्ण सत्यास धरून उत्तर देते की होय, पुष्कळ आहेत. रोज सीमा ओलांडावी लागते का? होय, दादा रोज ओलांडतो, कॉलेजला जातो. हेही खरेच, कारण निपाणीच्या मुलांचे देवचंद महाविद्यालय गावाला खेटून असले तरी ते अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात आहे, आणि उच्च शिक्षणासाठी परराज्यात जाण्याचा खर्च इथे चपलेच्या झिजेपुरता असतो. त्याला कोणी अडवत नाही का? अडवतात की, मूल म्हणते, हजेरी भरली नाही तर प्राचार्य अडवतात. या संवादात व्याकरणाच्या चुका मोजायच्या ठरवल्या तर वही पुरणार नाही. परंतु काळजीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे आहे, समोरच्या माणसाचा गैरसमज होतो आहे आणि तो आपल्यालाच दूर करावा लागणार आहे, ही निकड मुलाला इंग्रजीत प्रथमच जाणवते, आणि पाच वर्षांत न फुटलेला कंठ पाच मिनिटांत फुटतो.

येथे या उपक्रमाचे मर्म सापडते. परदेशस्थ आजीची खरी पात्रता तिचे इंग्रजी ही नसून तिचे अज्ञान ही आहे. शाळेतील शिक्षक जो प्रश्न विचारतात त्याचे उत्तर त्यांना ठाऊक असते, हे मुलाला ठाऊक असते, आणि म्हणून तो प्रश्न नसून सापळा आहे हेही त्याला ठाऊक असते. आजीला मात्र खरोखरच काही माहीत नसते. कुंदा म्हणजे काय हे तिला माहीत नसते, आणि दूध आटवून, साखर जाळून, तपकिरी होईस्तोवर परतून, कोणा मिठाईवाल्याकडून दूध नको तितके आटले म्हणून जो जन्मला असे गावात सांगतात, तो पदार्थ ‘मिल्क’, ‘शुगर’, ‘फायर’ आणि ‘मिस्टेक’ एवढ्या चार शब्दांत आणि दोन्ही हातांच्या साहाय्याने समजावून देणारे मूल वक्तृत्वस्पर्धेतील विजेत्यापेक्षा अधिक इंग्रजी बोललेले असते. आई काय करते, या प्रश्नावर निपाणीची मुलगी विड्या वळण्याची क्रिया बोटांनी करून दाखवते: पान कातरायचे, तंबाखू घालायची, वळायचे, दोरा बांधायचा. धूम्रपान सोडून अनेक वर्षे झालेली आजी त्यावर काय बोलावे या पेचात पडते, तोच मुलगी हजाराला किती मजुरी मिळते आणि त्यात कितीची काटछाट होते हे आकडे सांगू लागते. आकडे ती इंग्रजीत चुकत नाही. पैशाचे आकडे कोणत्याच भाषेत कोणी चुकत नाही.

उच्चारांचा प्रश्नही असाच निकालात निघतो. मित्र यांनी हैदराबादेत केलेल्या एका जुन्या प्रयोगात तेलुगू वळणाचे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपुढे बोललेले टंकित करणारी संगणकप्रणाली ठेवण्यात आली होती. तिला मुलांचे बोलणे कळेना, ती भलतेसलते उमटवी, आणि तिला कळावे या हट्टापायी मुलांनी दोन महिन्यांत आपापले उच्चार बदलले. निपाणीत उलटेही घडते, कारण आजी ‘बेलगाव’ म्हणते. पडद्याच्या या बाजूला पस्तीस मुलांचा वर्ग एकाच वेळी उसळतो: ‘नो, नो, बेळगाव!’ आजी जीभ टाळ्याला लावण्याचा प्रयत्न करते, तिला ते जमत नाही, मुले हसतात, ती हसते, आणि जी मुलगी आजवर शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसत होती ती उठून, कॅमेऱ्याजवळ जाऊन, तोंड उघडून जीभ कुठे ठेवायची ते तिला दाखवते. चूक करणे हा मोठ्या माणसांनाही असलेला अधिकार आहे, हे त्या दिवशी वर्गाला कळते.

सर्वच स्वयंसेवक आजी नसतात, हे खेदाने नमूद करावे लागते. निवृत्त शिक्षक हा प्रकार दोन्ही गोलार्धांत सारखाच आढळतो. त्याला मुलाच्या घरी म्हैस व्याली याचा आनंद होण्यापूर्वी त्या वाक्यात उपपद राहिल्याचे दुःख होते, आणि त्याच्या तासाला पुन्हा सर्वत्र शांतता पसरते. अमेरिकेतील शाळकरी मुले हा दुसरा वर्ग. तेथे अनेक शाळांत समाजसेवेचे ठरावीक तास भरावे लागतात, त्यांची नोंद पुढे महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात शोभून दिसते, आणि त्यांच्या रात्रीच्या नऊच्या सोयीसाठी येथील मुलांना हिवाळ्यात सकाळी साडेसातला, बहुधा अंघोळीविना, पडद्यासमोर बसावे लागते. ते पंधरा वर्षांचे असल्याने त्यांना उपदेश करता येत नाही, हा मोठा गुण.

सर्वांत घातक स्वयंसेवक मात्र आपलाच असतो. बेळगावच्या टिळकवाडीत वाढलेला, येथेच अभियांत्रिकी शिकून न्यू जर्सीत स्थिरावलेला हा गृहस्थ गावाचे ऋण फेडण्याच्या प्रामाणिक इच्छेने कॅमेऱ्यासमोर बसतो, प्रारंभी असे इंग्रजी बोलतो की अमेरिकनांनाही थोडे संथ बोला म्हणावेसे वाटेल, आणि दोन मिनिटे शांतता पसरल्यावर मुलाला त्याचे गाव विचारतो. मूल येळ्ळूर म्हणते. तेथून पुढे इंग्रजी संपते. ‘येळ्ळूर? कुणाचा रे तू? आमच्या मावशीला तिथंच दिलंय की!’ असे उद्गार अटलांटिक ओलांडून येतात, मुलाच्या चेहऱ्यावर तेज चढते, गल्लीची चौकशी होते, विहिरीची होते, मावशीच्या थोरल्या मुलाशी जमिनीवरून असलेल्या वादाची होते. कोपऱ्यात बसलेले शिक्षक खुर्ची पुढे ओढतात, कारण ते त्या मावशीचे जावई निघतात. मुख्याध्यापकांना बोलावले जाते, आणि यंदाच्या जत्रेला यायचे वचन देऊन-घेऊन तास संपतो. नोंदवहीत ‘इंग्रजी संभाषण, पंचेचाळीस मिनिटे, उपस्थिती शंभर टक्के’ अशी नोंद होते. हा तास आनंदाच्या दृष्टीने पहिल्या क्रमांकाचा असतो हे मान्य केले तरी त्यात इंग्रजीची एकच गोष्ट घडलेली असते, ती म्हणजे शेवटचे ‘बाय’.

या गृहस्थाच्या घरातच त्यावरचा उपाय बसलेला असतो, परंतु त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या वतीने मराठी शाळा चालतात, त्यांना भारती विद्यापीठाच्या सहकार्याने अभ्यासक्रम आणि परीक्षाही आहेत, आणि या शाळेत सुटीच्या दिवशी सकाळी गृहस्थाच्या कन्येला, तिच्या मनाविरुद्ध, नेऊन बसवले जाते. तेथे तिची अवस्था तंतोतंत निपाणीच्या मुलासारखी असते: मराठी तिला पुस्तकातून आलेली, बोलताना चूक होईल ही भीती, बोलले तर मोठ्यांचे कौतुकमिश्रित हसू, आणि ‘माझी आई’ या विषयावर दहा ओळी पाठ. पृथ्वीच्या एका बाजूला मराठी तोंडात मावत नाही म्हणून गप्प असलेले एक मूल, दुसऱ्या बाजूला इंग्रजीमुळे गप्प असलेले दुसरे, आणि ज्याला जे हवे ते दुसऱ्यापाशी भरपूर. तरीही दोघांच्या घरचे मोठे त्यांना परस्परांशी जोडून देण्याऐवजी आपण स्वतःच मध्ये बसतात. दोन मुलांना अर्धा तास इंग्रजी आणि अर्धा तास मराठी असे एकटे सोडले तर ती पहिल्या पंधरा मिनिटांत परस्परांना शिव्या शिकवतील, ही जी भीती वडीलधाऱ्यांना वाटते ती अगदी रास्त आहे. भाषा शिकण्याचा तो सर्वांत जुना आणि सर्वांत यशस्वी मार्ग आहे, आणि बेळगावच्या बाजारात कन्नड-मराठीची देवघेव त्याच मार्गाने शतकानुशतके चालू आहे.

येथे शिक्षकांवर अन्याय होऊ नये. मित्र यांच्या प्रयोगांतून शिक्षकाची गरजच उरली नाही असा जो अर्थ काही उत्साही मंडळींनी काढला तो भाबडा होता; भोकातला संगणक नादुरुस्त झाला की तो दुरुस्त करायला माणूस लागतो, आणि आजीचा तास संपल्यावर आठवड्याचे उरलेले सर्व तास कोणीतरी घ्यावेच लागतात. सीमाभागातला मराठी शाळेचा शिक्षक तर तीन भाषांत पत्रव्यवहार करतो, जनगणनेला जातो, निवडणुकीला जातो, आणि त्यातून वेळ मिळाल्यास वर्गावर जातो. त्याची अडचण एवढीच आहे की त्याला मुलाची चूक ऐकू येते. पडद्यावरील आजी ‘युवर बफेलो हॅव बेबी?’ असे स्वतःच मुलासारखे चुकीचे बोलून आनंदाने टाळ्या पिटत असताना मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला शिक्षक ओठांनी ‘हॅज, हॅज’ असे पुटपुटत असतो, मुलाचे लक्ष आजीवरून उडून त्या ओठांवर जाते, आणि म्हशीची गोष्ट तिथेच संपते.

तेव्हा ज्या वाचकांचे आप्त परदेशी असतील, ज्यांना आठवड्याचा एक तास रिकामा असेल आणि ज्यांना येळ्ळूर कुठे आहे हे खरोखरच ठाऊक नसेल, त्यांनी या कामासाठी अवश्य पुढे यावे. ज्यांची मावशी तिथे दिलेली आहे त्यांनी आधी मावशीला दूरध्वनी करावा आणि मग तासाला बसावे. ब्रिटनमधील घड्याळे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे-मागे होतात, निपाणीच्या शाळेची घंटा होत नाही, हे लक्षात ठेवावे. शाळांनी कॅमेऱ्याला हार घालू नये, अध्यक्षांचे भाषण तास संपल्यावर ठेवावे, आणि संभाषण चालू असेपर्यंत इंग्रजीच्या शिक्षकांना स्टाफरूममध्ये बसवून चहा द्यावा. चहा संपला तर दुसरा द्यावा.